एकाहत्तरचे पासष्ट

३ फेब्रुवारी, मंगळवार

मालकीणबाईंनी आज ऑफिसात फोन करून सरळ विचारलं. "अक्काला घेतेस का?"

"घेते म्हणजे?" माझ्या हातात पाच किलोंचं पितळी वजन होतं. ते आधी मखमली पेटीत नीट ठेवलं, मग ऐकलं.

अक्का सतरा वर्षांची झाली. शिकाऊ लोकांना दिवसातून तीन-तीनदा पाठीवर घेणं तिला आता झेपत नाही. मालकीणबाईंना तिच्यासाठी एकच माणूस हवा. नवशिका चालेल, पण हलका. आठवड्यातून दोनदा थोडं फिरवायचं, चारा-नाल-औषधपाणी त्या माणसानं बघायचं, राहील ती तबेल्यातच.

"तू हलकी आहेस, हात मऊ आहे, आणि तिला तू आवडतेस. तू घेतलीस तर बरं. नाहीतर वीटभट्टीवाला दोनदा विचारून गेलाय. गाडीला जुंपेल. महिनाअखेर सांग."

तू हलकी आहेस!

फॉर्मवर मी पासष्ट किलो लिहिलंय. मी एकाहत्तर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झालं कसं ते एकदा लिहूनच काढते. म्हणजे मनातल्या मनात रोज नव्यानं सांगावं लागणार नाही.

गेल्या वर्षी तबेल्याचा काटा तपासायला मीच गेले होते. ते लीद पोत्यांनी विकतात, रोपवाटिकांना, म्हणून काट्यावर आमच्या वजनमापे कार्यालयाचा शिक्का लागतो. काटा बरोबर होता. शिक्का मारला, सही केली. निघताना एका तांबूस घोडीनं कुंपणावरून मान लांब करून माझ्या फायलीचा कोपरा खाल्ला. मोतद्दारकाका धावत आले. "अक्का! सरकारी कागद आहे तो!" अक्कानं कागद गिळला आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. एवढंच झालं. पुढच्या रविवारी मी शिकायला हजर. एकोणतिसाव्या वर्षी!

(मोतद्दारकाका म्हणजे तिथल्या सगळ्या घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, खोगीर बघणारे. साठीचे असतील. लिहिता-वाचता येत नाही, पण कुठला घोडा परवा किती पाणी प्यायला ते विचारा.)

फॉर्म टेबलावर होता. समोरच्या फळ्यावर खडूनं प्रत्येक घोड्याची मर्यादा लिहिलेली. अक्का, ६५ किलोंपर्यंत. खालच्या ओळीत तो काळा उंच घोडा, ९० किलोंपर्यंत. त्याची मला भीती वाटली. मागे दोघीजणी उभ्या होत्या, बारीक आणि हसऱ्या. पेन हातात होतं. पासष्ट लिहिलं. मनात म्हटलं, दोन महिन्यांत उतरवीन. म्हणजे हे खोटं नाही, आगाऊ लिहिलेलं खरं!

दहा महिने झाले. एक ग्रॅम उतरलं नाही. काळजीनं माणसं वाळतात म्हणे. मी काळजीनं जेवते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज छान बसले. का बसले छान? वाईट बसले असते तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

दुडक्या चालीत उठायचं-बसायचं असतं, घोडीच्या पावलाशी जुळवून. दहा महिने मी मोजत होते. एक-दोन, एक-दोन. आज मोजायची विसरले आणि जमलं! अक्काचे कान मागे-पुढे हलत होते, तिलाही नवल वाटलं असावं. वरून कुंपणाच्या भिंतीपलीकडचं दिसतं, दोरीवरचे कपडे, पाण्याची टाकी, कुणाची तरी गच्ची. खाली उतरलं की परत नुसती भिंत.

"ताई, टाच खाली, नजर वर," काका ओरडत होते. "जमिनीत काय पुरलंय का तुमचं?"

उतरल्यावर त्यांना विचारलं, "काका, घेऊ का मी अक्काला?"

"तुम्ही काय घेणार! तिनंच घेतलंय तुम्हाला. तुमची पिशवी दिसली की दात काढते." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "पण मालकीणबाईंशी नीट बोलून घ्या. सगळं."

सगळं म्हणजे काय? विचारलं नाही.

घरी सांगितलं. आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "घोडी? अगं, लोक मुलगा बघतात, तू घोडी बघतेस? विचारलं कुणी तर सांगू काय, मुलगी नोकरी करते आणि उरलेल्या वेळात खिंकाळते?"

बाबा हसले. त्यांनी गरम पाण्याची पिशवी कमरेमागे सरकवली. मग म्हणाले, "वयस्कर आहे ना ती? मग जपून बस, साहेब."

नोकरी लागल्यापासून ते मला साहेब म्हणतात. जपून बस. दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ही गोष्ट लिहायची नव्हती. पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार? आईला आणि बाबांना तर वाचताच येत नाही. (हे लिहूनही लाज वाटली.)

मी पहिलीत होते. गुरुजी म्हणाले, "उद्या हा धडा पाठ करून या." आमच्या घरात तोवर कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. पाठ करायचं म्हणजे काय करायचं? बाबा धान्याच्या गोदामात हमाल होते. पाठ म्हटली की त्यांना एकच माहीत. "पाठ हवी? ही घे माझी!" म्हणाले आणि हात टेकून घोडा झाले. मी वर बसले. पुस्तक त्यांच्या मानेवर उघडं ठेवलं आणि धडा वाचला. पुन्हा वाचला. सकाळी तो मला तोंडपाठ येत होता! गुरुजींनी शाबासकी दिली. मग काय, आमच्या घरात तीच रीत झाली. बाबा संध्याकाळी गोदामातून आले, हातपाय धुतले की घोडा व्हायचे. आई शेजारणीला सांगायची, "शाळेचा नियमच आहे तसा. बापाच्या पाठीवर बसल्याशिवाय अक्षर येत नाही." शेजारीण म्हणायची, "बापरे, मग आमच्या ह्यांच्यानं नाही व्हायचं."

दुसरीत गेल्यावर मला पाठ करण्याचा खरा अर्थ कळला. मी घरी सांगितलं नाही. मला वर बसायला आवडत होतं.

हे एक.

दुसरं म्हणजे, एका संध्याकाळी मी वर बसले आणि खाली काहीतरी वाजलं. कट्! वाळकी काडी मोडावी तसं. बाबा म्हणाले, "वाच." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी ते उठू शकले नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही पोतं उचललं नाही. गोदामानं त्यांना फाटकावर बसवलं, चौकीदार म्हणून. कुणी मला काही विचारलं नाही. विचारायला कुणाला काय माहीत होतं? मी सात वर्षांची होते. वजन अठरा किलो, प्रगतिपुस्तकात लिहिलंय.

बावीस वर्षं ते पाठीला पिशवी लावून बसतात. आणि मला सुट्टीच्या दिवशी करायला काय सुचलं, तर एका म्हाताऱ्या जिवाच्या पाठीवर बसायचं!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मंडईत तपासणी. कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, तिचं दोन किलोंचं लोखंडी वजन तीस ग्रॅम कमी भरलं. मी जप्त केलं.

"झिजलं असेल हो बाई," ती म्हणाली. "मी झिजले एवढी, ते नाही झिजायचं?"

मी म्हटलं, "नियम आहे."

नोटीस लिहिली. तिला वाचता येत नव्हतं म्हणून वाचून दाखवली. हळू, नीट, प्रत्येक शब्द. तीस ग्रॅम. माझे सहा किलो. तिनं अंगठा उठवला आणि वर मलाच म्हणाली, "उन्हातून हिंडता, पाणी प्या."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अक्काच्या पाठीला जखम झाली आहे.

सकाळी फेरी झाल्यावर काकांनी खोगीर उचललं आणि ते थांबलेच. खांद्याच्या जरा मागे, डावीकडे, बटणाएवढी जागा सोललेली. केस गेलेले, ओली. काकांनी बाजूला नुसतं बोट लावलं तर अक्काच्या अंगावर थेट शेपटीपर्यंत शहारा गेला. चावली नाही. चावायला हवं होतं, मला.

काकांना विचारलं, "वजनानं होतं का असं?" ते म्हणाले, "कशानंही होतं." औषध आणायला गेले.

माझे सहा किलो तिथं बटणाएवढे होऊन बसले होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवायचं नाही असं ठरवलं होतं. जेवले.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज बसायचं नव्हतंच. नुसती बघायला गेले. जखम सुकतेय. मी तिला गाजर द्यायला पुढे झाले तर फाटकाजवळ आवाज. मालकीणबाई काकांना बोलत होत्या, सगळ्यांसमोर.

"जुनं खोगीर कुणी काढायला सांगितलं होतं? माळ्यावर टाकलं होतं ना मी ते? त्याची गादी एका बाजूनं बसलीय, हे तुम्हाला दिसत नाही? तीस वर्षं घोड्यांत काढलीत!"

"चूक झाली," काका म्हणाले.

"चूक झाली काय? का काढलंत?"

"चूक झाली, बाई."

म्हणजे जखम जुन्या खोगिरानं झाली. माझ्या वजनानं नाही! मला इतकं हलकं वाटलं, इतकं, की मी तिथंच हसले. एका म्हाताऱ्या माणसाला पोरीसोरींदेखत बोलणी बसत होती आणि मी गाजराची पिशवी छातीशी धरून हसत होते. अक्कानं बघितलं. तिला काय कळतंय म्हणा. पण बघितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेले चार दिवस एकच टोचत होतं. काका असं का करतील? अक्काच्या खुरात खडा गेला तर त्यांना जेवण जात नाही.

आज लवकर गेले. ते खरारा करत होते. मी बादली घेऊन बाजूला उभी राहिले आणि विचारलं.

त्यांनी खरारा बादलीच्या काठावर झटकला. मग म्हणाले, "ताई, पहिल्या दिवशी तुम्हाला वर चढवायला मी पाय धरून उचललं होतं. आठवतं?"

आठवतं.

"माझ्या हाताला कळतं हो. पासष्ट नव्हतात तुम्ही. पाच-सहा जास्त."

मी बादली खाली ठेवली.

"म्हटलं, असेल काही. बाईमाणसाला कसं विचारायचं? आणि तुम्ही तिच्याशी बोलता किती छान. तुम्हाला काळ्यावर बसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला नसतात. मग मी हिशेब केला. नवं खोगीर अकरा किलोंचं. माळ्यावरचं जुनं, पाच. तुमच्या वाराला ते जुनं घालायचं. तुमचं जास्त, खोगिराचं कमी. घोडीला काय, तिला बेरीज कळते." आणि मग, अगदी हळू, "गादी बसलीय ते मला दिसलं नाही. ती माझी चूक."

दहा महिने! दर रविवारी, दर गुरुवारी हा माणूस माळ्यावर चढून माझं खोटं भरून काढत होता. शाळेत न गेलेला माणूस माझी वजाबाकी दुरुस्त करत होता. आणि बोलणी खाल्ली ती त्यानंच.

"तुम्ही मालकीणबाईंना का नाही सांगितलंत?"

"मी कसं सांगू? ते तुमचं आहे."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सांगणार. पण सांगितलं तर अक्का गेली. हलका माणूस हवाय त्यांना, आणि खरं बोलणारा. मी दोन्ही नाही. म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत भरायची अक्कानं, विटांच्या गाडीला जुंपून? आणि नाही सांगितलं तर तिच्या पाठीवर मी बसायचं, सहा किलो खोटं घेऊन, ती मरेपर्यंत.

काकांचं काय? त्यांचा विचार मला तिसऱ्या ओळीत सुचला. हेही लिहून ठेवते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं नाही. त्यांच्याकडे पाहुणे होते. म्हणजे एकच पाहुणी होती, तीही दहा मिनिटांत गेली.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे केलं ते लिहिते. जसं झालं तसं.

बाबा म्हणाले, "मला दाखव तरी तुझी अक्का." बसनं नेलं. उभं राहून यावं लागलं त्यांना, पण कुरकुर नाही. फाटकातून आत गेले, काकांनी नमस्कार केला, आणि दोघांनी एकमेकांचे हात बघितले. तोंडं नाही, हात. पाच मिनिटांत दोघं गवताच्या गंजीवर बसून बोलत होते, जणू एकाच गोदामात नोकरी केली.

गोदामात बाबांना 'काटा' म्हणायचे. पोतं पाठीवर घेतलं की सांगायचे, किती भरलंय. नंतर नंतर नुसतं बघून सांगायला लागले. व्यापाऱ्यांची भांडणं व्हायची तेव्हा "काट्याला बोलवा" म्हणायचे. शाळा नाही, सही नाही, पण ही एक गोष्ट त्यांची.

काकांना हे कळल्यावर काय विचारता! गवताचा गठ्ठा दाखवला. बाबा म्हणाले, "बावीस." काट्यावर ठेवला, बावीसच्या किंचित वर! लिदीचं पोतं, एकेचाळीस. तेही किंचितच वर! लोक जमले. त्या दोघी बारीक मुलीही आल्या. "आजोबा, मी?" "चोपन्न." "अय्या, अगदी!" मालकीणबाई लांबूनच ओरडल्या, "माझं नका हं सांगू, इथं माझा मान आहे!" सगळे हसले. बाबा इतके सरळ उभे होते. मी त्यांना इतकं सरळ कधी पाहिलं नाही.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "आणि तुमच्या साहेबांचं हो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अभिमानानं म्हणाले, "तिचं काय बघायचं? एकाहत्तर."

मालकीणबाई हसल्या. "चुकलात की हो! पासष्ट. लिहून दिलंय तिनं."

बाबा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "काय, साहेब?"

मी म्हटलं, "हो बाबा. चुकलात. पासष्टच आहे."

कुणी काही मनावर घेतलं नाही. एक मुलगी म्हणाली, "चालायचंच, आजोबा." काका अक्काच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिले. वर बघितलं नाही.

बाबा म्हणाले, "असेल. तू लिहिलंयस म्हणजे तसंच असेल. नजर गेली आता माझी." आणि पुन्हा वाकले, रोजच्यासारखे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी आज बटाट्याची पिशवी हातात घेतली. उचलली, खाली ठेवली, परत उचलली. आईला विचारलं, "दोन असेल का गं?"

आई म्हणाली, "मला काय विचारता? तुम्ही काटा ना?"

"नाही, तूच सांग."

मी आतल्या खोलीत होते. भाजीवालीचं वजन जप्त केलं होतं मी, तीस ग्रॅमसाठी. बाबांचा अख्खा काटा मोडला. नोटीससुद्धा न देता.

आता अक्का जाईल तर जाईल. 

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. बाबांना म्हटलं, चला. "परत कशाला?" म्हणाले. चला, म्हटलं. ऑफिसातून रीतसर सही करून वीस किलोंचं प्रमाण वजन घेतलं होतं, तेही पिशवीत. का ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. रिकाम्या हातांनी निघावं असं वाटत नव्हतं.

मालकीणबाई, काका, बाबा, तिघांना काट्यापाशी बोलावलं. बूट काढले. वर चढले.

एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम.

मग सांगितलं. फॉर्म, फळा, जुनं खोगीर, काकांची बोलणी, सगळं. बाबांकडे बघून म्हटलं, "तुम्ही चुकला नव्हतात. मी खोटं बोलले. दोनदा."

 अक्का तबेल्यात पाय आपटत होती.

मग बाबा म्हणाले, काट्याकडे बघत, "हा चारशे जास्त दाखवतोय."

मी प्रमाण वजन ठेवलं. वीस किलो चारशे ग्रॅम! काट्यावर शिक्का माझाच, गेल्या वर्षीचा. मी तिथल्या तिथं मालकीणबाईंना म्हटलं, काटा दुरुस्त करून घ्यावा लागेल, तोवर लीद विकता येणार नाही. तोंडातून निघूनच गेलं.

मालकीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वर नोटीस मलाच?" मग काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही! दोन आठवडे मी बोलतेय, तोंड शिवलं होतं का?"

"ताईंचं होतं ते," काका म्हणाले.

"ताईंचं म्हणे!" त्यांचा आवाज जरा फाटला. "सगळ्यांदेखत बोलले मी तुम्हाला." काकांच्या हातातलं खोगीर घेऊन त्या स्वतःच आत ठेवायला गेल्या. परत आल्या त्या मला म्हणाल्या, "घोडी तुला देणार नाही. कशी देऊ?"

मला हे माहीत होतं. तरी म्हटलं, "मी तिच्यावर बसणार नाही. कधीच नाही. नुसती सांभाळीन. चालवायला नेईन."

"बसायचं नाही तर घोडी कशाला? कुत्रा पाळ."

"मला अक्का हवी आहे."

"विचार करते," म्हणाल्या.

बसमध्ये बाबांना बसायला जागा मिळाली. आमचा थांबा आल्यावर समोरच्या बाईच्या मांडीवरच्या बाळाकडे बघून हळूच म्हणाले, "साडेसहा."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी फोन आला. वीटभट्टीवाल्याला नाही सांगितलं म्हणाल्या!

अट एकच. पाठीवर कुणीही नाही, मी नाही, माझ्या ओळखीचं कुणी नाही. "हो, हो," म्हटलं, "आत्ता येऊन लिहून देते."

"तुझं लिहिलेलं नको गं बाई," त्या म्हणाल्या. "तोंडी सांग. मोतद्दारांसमोर."

जाऊन सांगितलं. काकांनी ऐकलं आणि अक्काच्या कानात म्हणाले, "ऐकलंस? सुटलीस."

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. दुडक्या चालीत मोजायचं विसरले होते त्या रविवारची आठवण येत राहिली. भिंतीपलीकडची ती गच्ची आता कधी दिसायची नाही. आणि एवढं सगळं करूनही मला त्याचंच वाईट वाटतंय!

१ मार्च, रविवार

दोरी धरून अक्काला टाकीपर्यंत चालवत नेलं. मी पुढे, ती मागे. मग ती पुढे, मी मागे. वाटेत तिनं कुणाचा तरी टॉवेल खाल्ला.

४ मार्च, बुधवार

मंडईत गेले होते. भाजीवालीनं नवीन वजन घेतलंय. बरोबर भरलं. शिक्का मारताना ती म्हणाली, "आता झोप लागेल ना बाई तुम्हाला?" तिला काय दिसलं माझ्या तोंडावर, कोण जाणे.

८ मार्च, रविवार

डॉक्टर बाबांना वर्षानुवर्षं सांगतायत, रोज चाला. कधी ऐकलं नाही. आता रोज सकाळी अक्काला घेऊन चालतात. दोघांची चाल एकच आहे, डावीकडे जरा झुकती.

आज परतल्यावर कुंपणाला टेकून उभे होते. मी पलीकडे बादली भरत होते. काकांनी विचारलं, "तुमची पाठ कशानं गेली हो?"

"गोदामात. फळीवर पाय घसरला, पोतं घेऊन. दुपारची गोष्ट. मुकादमाला कळू दिलं नाही, काढून टाकलं असतं. संध्याकाळी घराच्या दारापर्यंत आलो आणि उभंच राहता येईना. रांगत आत गेलो. तर आमच्या साहेब पुस्तक घेऊन तयार!" बाबा हसले. "तिला वाटलं, बाबा आज आधीच घोडा होऊन आले."

"मग? बसू दिलंत?"

"शाळेचं होतं ते. नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू, ती बसली तेव्हा कट्कन वाजलं, आणि जरा सुटल्यासारखं झालं. तिचा धडा संपेपर्यंत बरं वाटत होतं. उतरली तेव्हा परत सुरू झालं."

बादली भरून वाहायला लागली होती. मी नळ बंद केला. कुंपणापाशी गेले. म्हटलं, "अठरा किलो होते मी तेव्हा. प्रगतिपुस्तकात आहे."

"एकोणीस," बाबा म्हणाले.